गाडीले कूलर

"अवं, राती अकरा वाजेलोक तुह्या अंगनात ठोकठोक कायची होती वं? मले वाटलं चोर आले. मंग आवाज आला, 'चौदाचा पाना दे, चौदाचा.' म्हटलं, चोर काई पाने नाई मागत एकमेकाले."

"चोर नाई हो काकू, आमचा पोट्टा. मामाजीची बुलेट खोलून बसला. तिले कूलर लावून राह्यला."

"गाडीले कूलर? मंग वाळ्याच्या ताट्या कुठी बसवते, मांगच्या सीटवर?"

मेहकर-खामगाव रस्त्यावरून जानेफळात आत वळलं की या गल्लीतल्या बहुतेक घरांना एकमेकांत कुंपणच नाही. या दोन घरांत आहे ते तारेचं, आणि त्याचा उपयोग कारल्याचा वेल चढवायला आणि कोपर टेकवायला. अलीकडच्या काकूंचे यजमान एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. पलीकडच्या वहिनींचे सासरे म्हणजे मामाजी, आणि वहिनींचा मुलगा पुण्याला कंपनीत. पोळ्याची सुट्टी जोडून घरी आलेला. सकाळची भांडी झाली, स्वयंपाकाला अजून वेळ आहे, म्हणजे बोलायला हीच वेळ.

"ऑइल कूलर म्हनतात त्याले काकू. वीतभराची जाळी असते. इंजिनातलं गरम तेल त्याच्यातून फिरते, वाऱ्यानं निवते अन वापस इंजिनात जाते."

"ते मले नको सांगू. तुह्या काकाच्या अख्ख्या नोकरीभर तेलाचे कपडे म्याच धुतले. एसटीच्या इंजिनाले बी ऑइल कूलर असते. पन तो इंजिनाच्या अंगातच असते, रेडिएटरचं पानी त्या तेलाले निववते. तुह्या बुलेटीले कुठी पानी हाये? बरं ते जाऊ दे. गल्लीत काय चाललं माहीत हाये का तुले? समोरची म्हने बुलेट विकायले काढली, म्हनून धुऊनपुसून राह्यले. अन किरान्यात तर म्हने, पोराची नोकरी गेली, गाडीचे पार्ट सुटे इकून राह्यला."

"अवं माय! काकू, रविवारी चिखलीचे पाहुने येऊन राह्यले त्याले पाहाले. त्याइच्या कानावर हे गेलं म्हंजे?"

"गेलं असन. चिखली काई लांब नाई. म्हनून तर इचारून राह्यली, खरं काय ते सांग. म्हंजे मी बी बरोबर सांगीन."

मग खरं काय ते वहिनींनी सांगितलं. श्रावणात शेगावची पालखी पंढरपूरहून परत येते. लोणार, मेहकर करत जानेफळला येते आणि शिर्ला, खामगाववरून शेगावला जाते. यंदा पोरगा सुट्टी काढून आला होता. वारकऱ्यांसाठी पाण्याचे कॅन बुलेटवर बांधून तो पालखीच्या मागं मागं चालला. पहिल्या गेअरवर, माणसाच्या चालीनं. तासाभरात इंजिन असं तापलं की पायाला चटका बसायला लागला, गाडी कों-कों करत बंद पडली आणि किक मारून मारून पोराचा पाय सुजला. पुण्याला परत गेल्यावर त्यानं मोबाइलवर काय काय पाहिलं देव जाणे. या खेपेला आला तो पिशवीत ऑइल कूलर घेऊनच.

"कुठून आनला?"

"भंगारातून. अपघात झालेल्या गाडीचा हाये म्हनते. नवा महाग पडते."

"अन तुह्या काकाले न दाखोता लावाले बसला?"

"लावाले बसला तवाच तर काका आले ना! राती तुमाले ठोकठोक आयकू आली, त्याच्यात अर्धी काकाचीच होती."

"आता समजलं. म्हनून हे जेवले बी नाई धड."

काकांनी आल्या आल्या काय केलं ते वहिनी हातवारे करून सांगू लागल्या. त्यांनी आधी तो कूलर हातात घेतला, एका तोंडातून डिझेल ओतलं, दोन्ही तोंडांवर बोटं दाबून खळखळ हलवला आणि वहिनींचं पांढरं फडकं खाली अंथरून त्यावर उपडा केला. फडक्यावर काळं डिझेल पसरलं. ते जरा मुरलं तसं बल्बच्या उजेडात कापडावर बारीक बारीक काहीतरी चमकायला लागलं. काकांनी त्यावर बोट फिरवलं आणि पोराच्या अंगठ्यावर घासलं. खरखर लागली. ॲल्युमिनियमचा चुरा. ज्या गाडीचा तो कूलर होता, तिचं इंजिन आतून झिजलेलं किंवा जाम झालेलं असणार आणि त्याची पावडर या जाळीत अडकून बसलेली. तसाच लावला असता तर पहिल्याच दिवशी ती सगळी मामाजींच्या इंजिनात गेली असती.

"मंग फेकला?"

"नाई, धुतला. डिझेलनं धुतला, हवा मारली, वापस धुतला. फडक्यावर काईच उतरत नाई तोपर्यंत. माहे चार फडके गेले काकू."

"फडक्याचं काय घेऊन बसली? इंजिन गेलं असतं तर तुह्या मामाजीनं पुऱ्या गावाले फडकं करून धुतलं असतं."

मामाजींची बुलेट म्हणजे जुन्या घाटाची. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली आणि तिथून या गाडीची जी घडण सुरू झाली, तीच पुढं कितीतरी वर्षं चालली. ३४६ सीसी, लोखंडी सिलिंडर, गेअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. नव्या गाडीवर शिकलेलं कुणी तिच्यावर बसलं की ब्रेक म्हणून गेअर दाबतं. लोखंड मजबूत खरं, पण ॲल्युमिनियम लोखंडाच्या तिप्पट-चौपट वेगानं उष्णता बाहेर टाकतं. म्हणून पुढं सगळ्यांचे सिलिंडर ॲल्युमिनियमचे झाले.

"काका म्हनत होते, ही गाडी आधीपासूनच तेलावर निवते. इंजिनात पेट्रोल जळते त्याच्यातून पाव हिस्सा चाक फिरवाले कामात येते, बाकी नुसती गरमी. काई सायलेन्सरमधून जाते, काई बाहेरच्या पंखाइतून वाऱ्यावर जाते, अन काई तेल घेऊन जाते."

"हाव. सुझुकीवाल्यायनं १९८५ सालीच साडेसातशे सीसीची रेसची गाडी नुसत्या तेलानं निववली, पानी न घालता. हे सांगत असतात. अन आपल्या बजाजनं २००७ ले पल्सर २२० काढली, तिले पुढं असाच कूलर होता. म्हंजे पोट्ट्याचं डोकं काई चुकीचं नाई."

"मंग काका चिडले कायले?"

"अवं, चिडले ते कूलरवर नाई. ते इचारत असतीन, गाडी गरम कायनं झाली? पालखीमांगं माणसाच्या चालीनं चालली तर वारा कुठून येईन? कूलरले वारा लागते. उभ्या गाडीले कूलर लावला काय अन नाई लावला काय, सारखंच. पालखीत गाडी न्यायची तर बंद करून ढकलत न्या, नाईतर पान्याचे कॅन बैलगाडीवर टाका."

"हेच बोलले काका! अक्षर अन अक्षर!"

"मंग! ऐकूनच तं राह्यली मी जन्मभर."

पण काका तिथंच थांबले नव्हते. त्यांनी पोराला इंजिनाच्या पंखांमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालायला सांगितला. पंखांच्या मधली जागा काळ्या मातीनं आणि तेलाच्या गाळानं बुजून गेलेली. गेल्या हंगामात शेतातून गाडी आणली, थ्रेशरशेजारी उभी केली, सोयाबीनचं कुटार उडून त्या ओल्या तेलावर चिकटलं आणि त्यावर पावसाचा चिखल. वारा पंखांना लागतच नव्हता. मग ठिणगीचे पॉइंट पाहिले, तर गॅप कमी झालेला आणि टायमिंग मागं पडलेलं. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरा जळतं, जाळ सायलेन्सरच्या तोंडापर्यंत जातो, गाडीला ताकद येत नाही आणि इंजिन भट्टी होतं. तेल तर मामाजींनी कधी बदललं ते मामाजींनाच आठवेना.

"म्हंजे कूलरची गरजच नव्हती!"

"असं बी नाई म्हनले ते. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जाते, आपल्याकडं त्याच्याहून थोडा कमी. तशात मांगं बियान्याच्या बॅगा टाकून खामगावहून यायचं म्हंजे तेल तापतेच. नव्वद-शंभर डिग्री तेल असलं तर बरं, सव्वाशेच्या वर जाऊन राह्यलं तर पातळ होते, लवकर जळते. तिथी कूलर कामाचा. दहा-पंधरा डिग्री उतरली तरी पुष्कळ झालं. पन आधी पंख साफ, टायमिंग बरोबर, तेल नवं. मंग कूलर."

"बरोबर. अन तेल काढलं कुठून?" काकू कुंपणाजवळ सरकल्या. "तिथीच गम्मत हाये सगळी."

इथं काकूंचा खरा विषय सुरू झाला. कूलर लोंबकळवणं कुणालाही जमतं. प्रश्न असतो इंजिनातून तेल बाहेर कुठून घ्यायचं आणि परत कुठं द्यायचं हा. आजकालच्या लहान गाड्यांत तेलाचे सगळे रस्ते आतल्या आत असतात. तिथं भोक पाडायचं म्हणजे इंजिनाच्या कव्हरला ड्रिल मारायचं, आणि त्यात त्या गाड्यांत एकच तेल इंजिन, क्लच, गेअर सगळं सांभाळतं; तेल कमी पडलं की तिन्ही गेले. जुन्या बुलेटचं तसं नाही. तिचा गेअरबॉक्स वेगळा, क्लचचा डबा वेगळा. इंजिनाचं तेल इंजिनाच्याच मागच्या कप्प्यात, आणि उजव्या अंगाला एक बारीक नळी उघड्यावर खालून वर जाते, डोक्यावरच्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दोन्ही रॉकरना तेल पाजायला. वरचं तेल पुशरॉडच्या वाटेनं आपसूक खाली उतरतं. पोरानं कूलर याच नळीच्या मधे बसवायचा ठरवला होता. ड्रिल नको, वेल्डिंग नको; उद्या नको वाटलं तर जुनी नळी परत लावून टाकायची.

"पन त्या नळीत धार केवढीशी असते! जोर नसते तिले," काकू म्हणाल्या. "मोठा कूलर अन लांब पाइप लावला तर वर तेल पोचेपर्यंत रॉकर कोरडेच खटखटतीन."

"म्हनूनच काकानं पाइप आखूड करायले लावला. पोट्टा पेट्रोलचा साधा पाइप घेऊन आला होता. काका म्हने हा गरम तेलानं लिबलिबीत होईन, अन निसटला तर तेल कुठी जाईन माहीत हाये का? मांगच्या चाकावर."

"अन मांगच्या चाकावर तेल म्हंजे सरळ दवाखाना."

"मंग मेहकरले गेला, ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप बनवतात त्या दुकानात. आतून तार विनलेला पाइप, दोन्ही तोंडं मशीनवर दाबून आनले. हँडल दोन्हीकडं पुरं वळवून पाह्यलं, पाइपाले घासत तर नाई. कूलर चेसिसच्या पुढच्या नळीवर बांधला, तोंडं वर करून, म्हंजे हवा कोंडून राहात नाई म्हने. खाली रबराचे बुश, बुलेट थरथरते ना. पन काकू, एक गोष्ट सांगू? माह्या गॅसवर त्यानं वॉशर तापवले!"

"तांब्याचे?"

"तुमाले कसं माहीत?"

"तुह्या काकानं माह्या गॅसवर बी तापवले हायेत. पयले तर चुलीवर तापवाचे."

नळीच्या जोडाला जो पोकळ बोल्ट असतो, ज्याला मेकॅनिक बँजो बोल्ट म्हणतात, त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर लागतात. एकदा आवळलेलं तांबं दबून कडक होतं. पुन्हा वापरलं तर तेल गाळतं. पण तेच लालबुंद तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ होतं आणि जोडाला नीट बसतं. पोरानं दुधाच्या पातेल्याची सांडशी घेतली, वॉशर मोठ्या बर्नरवर धरले, अंगार झाले तसे वहिनींच्या पोह्यांच्या वाटीत टाकले. चर्र आवाज झाला, वाटीत काळी साल तरंगली, आणि वॉशर गुलाबी होऊन निघाले.

"वाटी गेली म्हनायची."

"वाटी घासून घेतली हो, पन सांडशी काळी पडली ते पडलीच. अन वरून म्हनते, आई, टेफ्लॉन टेप दे, नळाले लावतात तो. तवा काका ओरडले. टेपचा तुकडा सुटला तर तेलाच्या बारीक भोकात जाऊन बसते, मंग रॉकर उपाशी."

"बरोबर ओरडले. अन पाह्य, एक ध्यानात ठेवजो," काकूंनी आवाज खाली घेतला. "हे तेलाचं अन आपल्या बोलन्याचं सारखंच हाये. घरातलं बाहेर काढलं तर हरकत नाई, वारा लागते, बरं वाटते. पन जेवढं बाहेर गेलं तेवढं बिनागळतीचं वापस घरात यायले पायजे. किरान्यात जे गळलं ते काई वापस येत नाई."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की रविवारची धास्ती, ते कळलं नाही.

"मंग चालू केली का राती?"

"केली ना! आधी कूलरमधी तेल भरून घेतलं, कप्प्यात जेवढं कमी पडलं तेवढं टाकलं. किक मारली. काका म्हने रेस देऊ नको. वरचा बोल्ट पान्यानं जरासाच सैल केला अन सगळे टॉर्च लावून पाहात बसलो. मामाजी बी उठून आले. एक नाई, दोन नाई... मंग तेलाचा बारीक थेंब फुगला अन ओघळला. तवा कुठी काकानं श्वास सोडला. बोल्ट आवळला अन मंग चहा मागतला."

"अन गरमी मोजली का?"

"पोट्ट्यानं ते कोरोनातलं आनलं, कपाळाले लावायचं. इंजिनाले लावलं तर नुसतं 'हाय' म्हनते!"

"ते मानसाच्या तापाचं हाये वं, बेचाळीसच्या वर त्याले समजत नाई. फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याकडं मोठं असते, ते आना म्हना. अन थंडीत काय करनार?"

"थंडीत काय?"

"हे सांगले नाई का त्यायनं? पौषात सकाळी गाडी काढली तर तेल गरमच होत नाई. लिटरभर पेट्रोल जळलं तर जवळपास लिटरभर पानी तयार होते, समजलं? बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जाते, पन थोडं खाली तेलात उतरते. तेल चांगलं तापलं तर ते उडून जाते. नाई तापलं तर तेल दुधाळ होते अन आतून गंज धरते. मोठ्या गाड्याइत थर्मोस्टॅट असते, तेल गरम झाल्याबिगर कूलरकडं सोडतच नाई. तुह्या पोट्ट्यानं जाळीपुढं चामड्याचा तुकडा बांधाचा, संक्रांतीलोक. अन सोयाबीन काढाच्या वक्ती जाळीतलं कुटार रोज झटकाचं. नाईतर पंख साफ केले अन कूलर बुजवला, असं होईन."

"सांगते त्याले. पन काकू, तो किरानावाला म्हनत होता, असं काई लावलं तर आरटीओ गाडी जप्त करते."

"त्याले काय समजते? पन एक खरं हाये, मोटार वाहन कायद्यात ५२ कलम हाये. कंपनीचं अन आरसीवरचं जे हाये ते मनानं बदलू नये म्हनते. तुहा एमएच २८ चा नंबर तोच, इंजिन तेच, चेसिस तेच. जुनी गाडी हाये, पंधरा वर्षं कवाच झाले, दर पाच वर्षांनी पासिंगले बुलढाण्याले न्याच लागते. जाच्या आधी तिथी इचारून घ्या म्हना. जुनी नळी जपून ठेवजो, वक्त पडला तर अर्ध्या तासात जशीच्या तशी गाडी. पन सायलेन्सरले हात लावू देऊ नको. कानठळ्या बसवनाऱ्या बुलेटी गावात काई कमी नाई."

तेवढ्यात अंगणातून बुलेटचा धक्-धक् आवाज आला, संथ, एकसारखा. दोघी क्षणभर ऐकत राहिल्या. काकूंनी मान डोलावली, म्हणजे टायमिंग बरोबर बसलं.

"काकू, रविवारी तुमी याल ना? पाहुन्यांनी इचारलं तर काय सांगायचं?"

"मी येते. मीच सांगते. म्हनीन, गाडी इकली नाई, नोकरी गेली नाई. पोट्टा खोलते तर वापस जोडून बी ठेवते. खोलून अंगनात टाकून देनारे जावई या गावानं पाह्यले हायेत, नाव नाई घेत मी."

"कोन हो काकू?"

"रविवार होऊ दे, मंग सांगते. बरं, तुले समजलं का? त्या कोपऱ्यावरच्या घरी इलेक्ट्रिक स्कूटी आली म्हने. इंजिन नाई, तेल नाई, कूलर नाई, काई नाई. रातभर पिन लावली का सकाळी चालली."

"बरंच हाये मंग!"

"काय बरं हाये? त्या घरचे मानसं आता सुट्टीच्या दिवशी करतीन काय? दिवसभर घरात बसून सैपाकात चुका काढतीन!"